सहावा डबा

यतीन मनगट खाजवत होता. समोर उपम्याची ताटली, शेजारी बायको रेणू, खिडकीबाहेर ढग असा उतरलेला की अंगणातला खांबसुद्धा दिसेना, आणि हा पठ्ठ्या आपला खाजवतोय. उत्तराकाकू दुसऱ्यांदा उपमा वाढायला वाकल्या तेव्हा त्यांना ती गांध दिसली. लाल, टपोरी, मधोमध टोचल्याची खूण.

"काकू, वेबसाइटवर तर लिहिलंय इथे डास नाहीत म्हणून," यतीन हसत म्हणाला. "आमच्या गावी फ्रिस्कोत काय कमी होते?"

रेणू हसली. पलीकडच्या टेबलावरचं म्हातारं जर्मन जोडपं काही न कळता हसलं. काकूंचे यजमान, डॉक्टर, मात्र हसले नाहीत. कॉफीचं भांडं त्यांनी खाली ठेवलं, यतीनचा हात उजेडात धरला, अंगठ्यानं दाबून पाहिला आणि कधी चावला, कुठे चावला, विचारलं. काल संध्याकाळी, यतीन म्हणाला, स्वयंपाकघराच्या मागच्या बाकावर बसून आईशी फोनवर बोलत होतो तेव्हा. तिथेच जरा सिग्नल मिळतो ना.

बाकाचं नाव निघताच उत्तराकाकूंनी उपम्याचं पातेलं उचललं. का ते त्यांना तेव्हा कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर कळून घ्यायचंही नव्हतं. त्या चहा बघायला आत गेल्या.

या लॉजची सगळी ऐट त्या एकाच गोष्टीवर होती. हवाईच्या मोठ्या बेटावर, डोंगराच्या ओल्या अंगाला, पाच हजार दोनशे फुटांवर, बारा महिने ढगात बुडालेलं रान आणि त्यात हे आठ खोल्यांचं लाकडी घर. इथे थंडी होती, शेवाळ होतं, लाल फुलांची ओहियाची झाडं होती आणि डास नव्हते. दोनशे वर्षांपूर्वी या बेटांवर कुठेच डास नव्हते म्हणे. ते परदेशी गलबतांवरच्या पाण्याच्या पिंपांतून आले. पक्ष्यांचा मलेरिया मागाहून आला. इथल्या पाखरांना तो रोग माहीतच नव्हता, त्यामुळे खालची रानं भराभर मुकी झाली. उरलेसुरले पक्षी वरच्या थंडीत राहिले, जिथे डासाला जगता येत नाही. पण हल्ली ऊब दरवर्षी थोडी थोडी वर चढत होती, आणि डास तिच्या मागोमाग.

हे सगळं उत्तराकाकूंना पाठ होतं, कारण डॉक्टर ते प्रत्येक पाहुण्याला नाश्त्याच्या वेळी सांगायचे. डॉक्टरांचं नाव नरेंद्र. परदेशात, कॅरी गावात चाळीस वर्षं प्रॅक्टिस केली, पण सांगायचे ते त्याच्या आधीच्या दोन वर्षांबद्दल. चंद्रपूरकडे मलेरियाच्या कामावर होते तेव्हा गावोगाव सायकलनं फिरून लोकांचे रांजण पालथे करायचे, आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला लावायचे. एका सरपंचाचा हौद त्यांनी सरपंचासमोर रिकामा केला होता. ती गोष्ट काकूंनी किमान दोनशे वेळा ऐकली होती, आणि प्रत्येक वेळी हौद थोडा मोठा व्हायचा.

इथे त्यांना आणलं प्रीतानं. प्रीता कॅरीतल्या शेजाऱ्यांची मुलगी. मंडळाच्या गणपतीत लेझीम खेळायची, ती आता पक्ष्यांची शास्त्रज्ञ होऊन या डोंगरावर पाच वर्षं ठाण मांडून बसली होती. लॉजला सहा महिने राहून पाहुण्यांचं बघणारं एक जोडपं हवं होतं. पगार नाही, राहणं-खाणं फुकट. डॉक्टर तर एका पायावर तयार. काकूंना कोणी विचारलं नाही असं नाही, विचारलं. पण बॅगा तोवर भरून झाल्या होत्या.

मार्चमधल्या पहिल्या दिवशी प्रीतानं दोन तासांचं ट्रेनिंग ठेवलं होतं. काकू तेव्हा स्वयंपाकघर लावत होत्या. कॅरीहून आणलेल्या मसाल्यांचे, डाळींचे डबे फडताळात रचत होत्या, परक्या गॅसशी ओळख करून घेत होत्या. डॉक्टर म्हणाले, तू राहू दे, मी सांगतो तुला. आणि कागदावर दोघांच्याही सह्या त्यांनीच ठोकल्या. संध्याकाळी काकूंनी विचारलं तर म्हणाले, नेहमीचंच गं, रानात जाताना बूट घासायचे, स्पिरिट मारायचं, झाडांना बुरशीचा रोग लागतो, पक्ष्यांना खायला घालायचं नाही. इतकं सांगून ते दुर्बीण पुसायला बसले.

दुर्बीण. या दुर्बिणीवर काकूंचा तीस वर्षांचा राग होता. तीस वर्षं डॉक्टर त्यांना पहाटे उठवून चिखलातून, डासांतून, थंडीतून न्यायचे, कुठल्यातरी झाडाकडे बोट करून कुजबुजायचे, "दिसला का?" आणि काकू दुर्बीण डोळ्याला लावायच्या. त्यांना दिसायची पानं. कधी आभाळ. कधी स्वतःच्याच पापण्या. एकदोनदा खरं सांगून पाहिलं, तर डॉक्टर त्यांची मान धरून वळवायला लागले, आणि पक्षी उडून गेल्यावर त्यांचं तोंड दिवसभर उतरलेलं. तेव्हापासून काकू म्हणायच्या, "हो, दिसला." माणूस खूश व्हायचा, घरी जायला मिळायचं. डॉक्टरांच्या वहीत काकूंच्या नावापुढे सहाशे अकरा पक्षी लिहिलेले होते. त्यांतले सहाशे तरी त्यांनी जन्मात पाहिले नव्हते.

म्हणून काकूंच्या मनानं घेतलं होतं की एक तरी पक्षी आपण आपल्या डोळ्यांनी, जवळून, कोणी बोट न दाखवता बघायचा. आणि तो म्हणजे इइवी. शेंदरी लाल अंग, काळे पंख, विळ्यासारखी वाकडी चोच. लॉजच्या वरच्या वाटेवर एका मोठ्या ओहियावर एक जोडी होती. पूर्वी या उतारावर अकरा जोड्या होत्या, आता ही एकच, आणि तिला यंदा एक पिल्लू झालं होतं. प्रीता त्या तिघांसाठी जीव टाकायची. अपापाने नावाचा एक छोटा लाल पक्षी आहे, तो रोग अंगावर बाळगून वरखाली हिंडतो आणि जगतो, पण इइवी डासाच्या एका चाव्यात जातो, असं तिनं काकूंना भाजी चिरता चिरता सांगितलं होतं. आणखी एक गोष्ट डॉक्टर प्रत्येक पाहुण्याला बजावायचे, की रानातला पक्षी तुमच्यापासून हातभर अंतरावर निवांत बसला तर फोटो काढत बसू नका. तो माणसाळलेला नसतो. आजारी असतो.

काकूंचं माहेर नागपूरचं. एप्रिल लागला की त्यांची आई अंगणात मातीच्या पसरट भांड्यांत पाखरांसाठी पाणी ठेवायची. सत्तेचाळीस डिग्रीत चिमण्या, साळुंख्या चोची उघड्या टाकून यायच्या आणि आई म्हणायची, पाखराला पाणी पाजलं की देवाला वेगळा नैवेद्य नको. कॅरीतल्या डेकवरही काकूंनी हा नेम मोडला नव्हता. मग इथे, पाखरांसाठीच बांधलेल्या घरात, तो का मोडावा? भिंतीवर पाटी होती ती खायला घालू नका अशी. पाणी म्हणजे काही खाणं नव्हे. श्रीखंडाचे रिकामे डबे होते, एप्रिलमध्ये त्यांतले पाच त्यांनी स्वयंपाकघराच्या मागे, गरम पाण्याच्या बंबाच्या आडोशाला, नेच्याखाली मांडले. डॉक्टरांना सांगितलं नाही, कारण डॉक्टरांनी त्यावर भाषण दिलं असतं. आणि डास इथे नव्हतेच, हे तर तेच रोज सांगत होते.

अपापाने यायला लागले. डब्यात उतरून पंख फडफडवून आंघोळ करायचे, आणि काकू खिडकीतून, चष्म्यानंच, दुर्बीण न लावता बघायच्या. इतक्या वर्षांत पक्षी बघण्यात काय गंमत असते ते त्यांना पहिल्यांदा कळलं. पण इइवी काही आला नाही. तो वरच्याच झाडावरून गंजलेल्या बिजागरीसारखा करकरायचा. तेव्हा जून महिन्यात एका दुपारी काकूंनी बूट घासले, सहावा डबा पिशवीत घातला आणि वर जाऊन त्या ओहियाखाली पडलेल्या खोडामागे ठेवला. चार-पाच वेळा जाऊन पाहिलंही. पुढे जुलैत पाहुण्यांची रीघ लागली, गुडघे बोलायला लागले, आणि वर जाणं राहून गेलं.

एक गोष्ट मात्र त्यांच्या ध्यानात आली नव्हती. नागपुरात सकाळी भरलेलं भांडं दुपारी कोरडं पडायचं. रोज नवं पाणी. इथे डबा कोरडा पडतच नव्हता, त्यात ढगच पाणी भरत होता. काकू आपल्या समाधानानं म्हणायच्या, बरं झालं, आपले कष्ट वाचले.

आता यतीनचं मनगट बघून आल्यावर त्या मागच्या दारानं बाहेर गेल्या आणि बाहेरून कडी घातली. नेच्याची पानं बाजूला केली. पहिल्या डब्यात पाणी चहासारखं झालं होतं आणि त्यात बारीक, काळपट अळ्या वळवळत होत्या. काकूंची सावली पडली तशा त्या सगळ्या एकदम तळाला गेल्या. दुसऱ्या डब्यात तेच. तिसऱ्यात पाण्यावर रिकामी टरफलं तरंगत होती, म्हणजे त्यांतले उडून गेले होते. डॉक्टरची बायको होती ती, आणि मलेरियावाल्या डॉक्टरची. तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

त्यांनी पाचही डबे पालथे केले. दगडावर पाणी ओतलं, त्यावर उकळतं पाणी ओतलं, डबे काळ्या पिशवीत घालून कचऱ्याच्या तळाशी दाबले. हात तीनदा धुतले. मग आत येऊन पाहुण्यांना हसून चहा दिला.

त्या दुपारीच प्रीता आली. स्वयंपाकघरामागे तिनं डास पकडायचं जाळं लावलं. दुसऱ्या सकाळी त्यात दोन डास, तिसऱ्या सकाळी सात. डॉक्टरांनी एक भिंगाखाली धरला. मग म्हणाले, हा तर क्यूलेक्स, पाखरांचा मलेरिया पसरवणारा, आपल्या नागपूरच्या नालीतला. त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की काकूंना भीती वाटली.

या तीन दिवसांत काकूंनी स्वतःला काय काय समजावलं असेल. पाणी तर ओतून टाकलं. उडालेले डास थंडीनं मरतील. झालं ते झालं, आता बोलून कोणाचं भलं होणार आहे? पंच्याहत्तरीच्या नवऱ्याचं तोंड काळं करायचं का, त्याच्या लाडक्या पोरीपुढे? चारुताचा, म्हणजे मुलीचा, मॉरिसव्हिलहून फोन आला तेव्हा आवाज असा का म्हणून तिनं विचारलं. सर्दी झालीय, काकू म्हणाल्या. तीस वर्षांच्या सवयीनं खोटं सहज जमत होतं. फक्त कुठलाही बारीक आवाज आला, फ्रिजचा, पंख्याचा, की त्या दचकायच्या. आणि बाहेर ढग उठायचंच नाव घेत नव्हता. वरच्या झाडावरचं करकरणं दोन दिवस ऐकू आलं नव्हतं. ढगात आवाज दबतो, असं त्या मनाला सांगत होत्या.

चौथ्या दिवशी पाहुणे फिरायला गेल्यावर प्रीता कागद घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. तिचे डोळे सुजले होते. तिनं डॉक्टरांना सांगितलं की वरच्या ऑफिसशी बोलणं झालंय. आजूबाजूला पाणी साठलेलं कुठेच सापडलं नाही, म्हणजे डास खालूनच वर आलेत, त्यांची रेषा पाच हजार फुटांच्या वर सरकलीय. आता हा उतार धरून ठेवण्यात अर्थ नाही. उद्या सकाळी जाळी लावून ती जोडी आणि पिल्लू पकडायचं, खाली पिंजऱ्यात न्यायचं. तिथे ते जगतील की नाही कोण जाणे, पण इथे ठेवलं तर नक्की मरतील. इथली सगळी कामं बंद. नकाशावर हा उतार गेला असं लिहायचं.

"आपण हरलो, काका," प्रीता म्हणाली. "फाइव्ह इयर्स. मला फक्त तुमच्या वीकली शीट्स अटॅच करायच्या आहेत. स्टँडिंग वॉटर निल, एव्हरी वीक. त्याच्यावर एक साइन करा."

डॉक्टरांनी खिशातून पेन काढलं. दर आठवड्याची शीट. साठलेलं पाणी बघायच्या बारा जागा छापलेल्या: पन्हाळी, टाकी, बूट धुवायचं ताट, एकेक खोली, आणि सगळ्यात शेवटी स्वयंपाकघराची मागची बाजू. प्रत्येक जागेपुढे बरोबरची खूण, डॉक्टरांच्या सुबक हातची. पेनचं टोपण काढून त्यांनी पाठीमागे अडकवलं. काकू ओट्याशी उभ्या होत्या. त्यांना तो पांढरा कागद दिसला, त्यावर टेकायला आलेलं निब दिसलं. खाली पिंजऱ्यात तिघं बसलेली दिसली.

"सही करू नका," काकू म्हणाल्या.

डॉक्टरांनी वर पाहिलं. काकूंनी गॅस बंद केला, पदर नव्हता म्हणून अॅप्रनच हातात घट्ट धरला आणि सगळं सांगितलं. आईचं पाणी, श्रीखंडाचे डबे, बंबाचा आडोसा, अळ्या, उकळतं पाणी, काळी पिशवी. मध्ये कुठे थांबल्या नाहीत, कारण थांबल्या असत्या तर पुढचं बोलता आलं नसतं. त्यांच्या मनाची तयारी होती की डॉक्टर ओरडतील. चंद्रपूरचे सगळे रांजण एकदम आपल्या डोक्यावर फुटतील.

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मागची बाजू मी कधी बघितलीच नाही," ते प्रीताला म्हणाले. "पाच महिने. व्हरांड्यातूनच खूण करत होतो. म्हटलं, ते उत्तराचं राज्य, तिथे काय बघायचं. आणि पहिल्या दिवशी तिची सही मी केली. पाण्याचं मी तिला सांगितलंच नाही."

प्रीताच्या चेहऱ्यावर आधी संताप आला, मान्यच करायला हवं, आणि तो काकूंनी मान खाली न घालता घेतला. मग त्या पोरीच्या डोळ्यांत दुसरंच काहीतरी चमकलं. ती उठून उभी राहिली. कुठे, किती अंतरावर, कधीपासून, पटापट विचारत गेली. डास इथल्या डब्यांतच जन्मले असतील, तर रेषा सरकलेली नाही. म्हणजे उतार गेलेला नाही. या घराभोवती औषध मारलं, डासांची जाळी वाढवली, तर ते इथेच संपवता येतील. ती जोडी पाव मैल वर आहे, मध्ये थंडगार घळ आहे. हे डास तिथपर्यंत पोचले नसतील. बहुतेक नाहीच.

"किती डबे होते, काकू?" तिनं विचारलं. "नीट आठवून सांगा."

"पाच."

"शुअर?"

"पाच. मी स्वतः पालथे केले."

प्रीतानं फोन काढला आणि सिग्नलसाठी धावत बाहेर बाकाकडे गेली. उद्याची जाळी रद्द करा, ती कोणाला तरी सांगत होती, आणि तिचा आवाज चार दिवसांत पहिल्यांदा माणसात आल्यासारखा वाटला. डॉक्टरांनी बायकोकडे पाहिलं. चहा टाकतेस का, इतकंच म्हणाले. त्या तीन शब्दांत माफी होती, मागितलेलीही आणि दिलेलीही. काकूंना रडू आलं. चला, सुटलो, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं.

साखरेचा डबा काढायला त्यांनी फडताळ उघडलं. खालच्या कप्प्यात झाकणं होती. रिकाम्या डब्यांची झाकणं काकू कधी टाकत नाहीत. कॅरीत नाहीत, इथे नाहीत, कुठलंही झाकण कधी उपयोगी पडेल सांगता येत नाही. श्रीखंडाच्या डब्यांची केशरी झाकणं एकावर एक नीट रचून ठेवलेली होती. काकूंनी त्यांवर उगाच बोट फिरवलं.

सहा.

त्यांनी पुन्हा मोजली. मग फडताळ तसंच उघडं टाकून त्या बाहेर गेल्या. डॉक्टरांनी कुठे चाललीस म्हणून विचारलं, ते त्यांना ऐकू आलं, पण त्या थांबल्या नाहीत.

वाटेच्या तोंडाशी बूट घासायचं ताट होतं. काकू थांबल्या. एरवी दोन फटकारे मारून पुढे जाणाऱ्या काकूंनी आज एकेक खाच घासली, बुटांचे तळ उलटे करून स्पिरिट मारलं, वाळायची वाट पाहिली. आता आणखी काही वर न्यायचं नव्हतं.

मग त्या चढायला लागल्या. ढग वाटेवर बसला होता, दहा पावलांपलीकडचं झाड दिसत नव्हतं. पानांतून पाणी ठिबकत होतं. घळ ओलांडली तेव्हा गुडघ्यांतून कळ आली, पण थांबायची हिंमत झाली नाही. प्रीता म्हणाली होती तशी घळ खरंच थंड होती. पण घळ ओलांडून डास यायची गरजच नव्हती, त्यांची सोय काकूंनी इकडेच करून ठेवली होती. मागून डॉक्टरांच्या काठीचा आवाज येत होता. बिजागरीचा आवाज मात्र कुठेच नव्हता.

ओहियाखाली ते पडकं खोड होतं. काकू शेवाळावर गुडघे टेकून त्याच्यावरून वाकल्या.

डबा काठोकाठ भरलेला होता. आणि डब्याच्या काठावर तो बसला होता.

शेंदरी लाल. काळे पंख. विळ्यासारखी वाकडी चोच, डोळ्याभोवती एक बारीक रेघ, छातीवरचं एकेक पीस वेगळं दिसत होतं. इतका लाल रंग काकूंनी कशातच पाहिला नव्हता. तो हातभर अंतरावर होता आणि उडाला नाही. एक क्षण, फक्त एक क्षण, काकूंचं काळीज आनंदानं भरून आलं. आला बाई, त्यांच्या मनात आलं, माझ्या पाण्यावर आला, मला घाबरला नाही.

मग त्यांना त्याची पिसं फुगलेली दिसली. पंख दोन्ही बाजूंना ढिले पडलेले. डोळा अर्धा मिटत होता, उघडत होता, पुन्हा मिटत होता. डोळ्याजवळच्या उघड्या कातडीवर काहीतरी काळं, केसाएवढं, बसलेलं होतं. त्यानं डोकं हलवून ते झटकलंही नाही. काकूंनी हात पुढे केला. तरीही तो उडाला नाही.

मागे काठीचा आवाज थांबला. ढगातून डॉक्टरांचा धापा टाकणारा श्वास ऐकू आला. खोडामागचं त्यांना काही दिसत नव्हतं, फक्त बायकोची वाकलेली पाठ दिसत होती. रानात शिरलं की आवाज आपोआप खाली यायची त्यांना तीस वर्षांची सवय.

"दिसला का?" ते कुजबुजले.

"हो," काकू म्हणाल्या. "दिसला."